ताप येण्याआधीचे तीन आठवडे

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला माझ्या डॉर्ममधल्या सातवीच्या एका मुलाला ताप भरला. मुलगा साताऱ्याचा. फुटबॉलच्या संघातून नाव कटेल म्हणून त्याने तीन दिवस कुणाला सांगितलेच नाही. चौथ्या दिवशी पहाटे मला कळले, तेव्हा म्हणाला, "सर, आता उतरलाय." मी कपाळाला हात लावला, गार होते. पीटीला पाठवले. मैदानावर तो पोट धरून खाली बसला आणि उलट्या थांबेनात.

डेंग्यू होता. रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितले ते प्रत्येक डॉर्मप्रमुखाला ठाऊक हवे. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेक वेळा ताप उतरताना सुरू होतो. त्या एक-दोन दिवसांत रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर पाझरू शकतो, आणि लहान मुलांत हा धोका अधिक. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मुलगा एकदम मलूल होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी लगेच डॉक्टर. तापाला पॅरासिटामॉल चालते; अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नाही.

तो बरा झाला. मला मात्र कोडे पडले. पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते, मग डेंग्यू आत्ता कसा? जीवशास्त्राच्या सरांनी मला फळ्यावर दिवस मांडायला लावले. उबदार हवेत एडिसच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. मादीने डेंग्यूच्या रुग्णाचे रक्त प्यायल्यावर विषाणू तिच्या लाळेपर्यंत पोचायला २५ अंशांना सुमारे दोन आठवडे, ३० अंशांना जवळपास निम्मे. पुढे ती मुलाला चावल्यावर ताप यायला चार ते दहा दिवस. कमीत कमी धरले तरी तीन आठवडे होत आले.

सगळी गंमत मधल्या आकड्यात आहे. उकाड्यात विषाणू लवकर तयार होतो. गारठ्यात इतका वेळ लागतो की त्याआधी डासच मरतो. म्हणून आपल्याकडे उत्तरेत डेंग्यू पाऊस सरता सरता वाढतो आणि डिसेंबरमध्ये आटोपतो. (मग बंद खिडक्या आणि एका खोलीत तीस खाटा, म्हणजे सर्दी-फ्लूची पाळी. तो वेगळा लेख.)

दिवस उलटे मोजत मी डॉर्ममागे गेलो. सप्टेंबरच्या सुरुवातीला बंद केलेल्या कूलरच्या टाकीत पाणी तसेच होते, अळ्या वळवळत होत्या. कूलर बंद करायची यादी माझ्याकडे होती. पाणी काढायचे मी विसरलो होतो.

शिवाय आपण मच्छरदाणीवर भरवसा ठेवतो, ती रात्री. एडिस चावतो दिवसा, जास्त करून सकाळी आणि सूर्यास्ताआधी. नेमके पीटी आणि गेम्सच्या वेळी, आपण हाफ पँटमध्ये असताना.

नुसती टाकी उपडी करून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. म्हणून यंदा दर रविवारी आम्ही टाक्या ब्रशने घासतो. यादी आता त्या साताऱ्याच्या मुलाकडे आहे, आणि तो माझीही टाकी तपासतो.