स्कीइंग, अंग ताणणे आणि मांड्यांचे बळ

चि. भाचीस,


स्कीइंगमुळे होणारी दुखणी दोन जातींची असतात. ती वेगळी केल्याशिवाय अंग ताणण्याच्या व्यायामांचा उपयोग किती, हे ठरवता येत नाही. पहिले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते: मांड्या भरून आलेल्या असतात, जिना उतरताना कठड्याला धरावे लागते, उकिडवे बसणे जिकिरीचे होते. चार-पाच दिवसांत ते आपोआप ओसरते. दुसरे म्हणजे खरी इजा. तिच्यात गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो, अंगठ्याचा सांधा दुखावतो किंवा खांदा निखळतो, आणि सावरायला कित्येक महिने जातात. गुलमर्ग किंवा औलीच्या पहिल्या अभ्यासक्रमाला निघणाऱ्या मुलीने आपली तयारी मुख्यतः या दुसऱ्या जातीसाठी करावी.

मांड्या का भरून येतात, याचे कारण स्कीइंगच्या हालचालीतच आहे. चढ चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतारावर मात्र तो वेग आवरत असतो आणि आवरता आवरता लांबत जातो. बैलगाडी उतारावर लागली की गाडीवान कासरा ओढून धरतो, तसे हे काम. अशा लांबत जाणाऱ्या कामात स्नायूच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते, तिथे दाह होतो आणि एक ते तीन दिवसांत वेदना शिगेला पोचते. हा शोध नवा नाही. अमेरिकेत थिओडोर हफ यांनी 1902 सालीच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचा संबंध स्नायूच्या आतल्या सूक्ष्म फाटण्याशी जोडला होता. ‘लॅक्टिक ॲसिड साचते म्हणून अंग दुखते’ असे मैदानावर आजही सांगितले जाते. पण ते आम्ल व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात रक्तातून निघून जाते, आणि दुखणे तर दुसऱ्या दिवशी सुरू होते.

इजा तंतूंना झालेली असल्यामुळे संध्याकाळी कितीही ताणले तरी ती पुसली जात नाही. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 2011 साली असे 12 प्रयोग एकत्र तपासले. व्यायामाआधी ताणा किंवा नंतर, दुसऱ्या दिवशीचे दुखणे 100 गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी जेमतेम एका गुणाने कमी झालेले दिसले. एवढा फरक माणसाला जाणवतही नाही. नॉर्वे आणि ऑस्ट्रेलियातील 2,377 प्रौढांवर झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने ताणाच्या बाजूने थोडे अधिक सांगितले. त्यात नियमित ताणणाऱ्यांपैकी सुमारे 25 टक्क्यांनी त्रासदायक अंगदुखीची तक्रार केली, न ताणणाऱ्यांपैकी सुमारे 32 टक्क्यांनी. स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांच्या इजाही काहीशा कमी आढळल्या; एकूण दुखापतींत मात्र फरक पडला नाही. ज्या मुलीला ताणून बरे वाटते तिने ताणावे, एवढा आधार यातून नक्की मिळतो. ताणले म्हणून आपण सुरक्षित झालो, असे मात्र यातून निघत नाही.

इजेबाबतचा सर्वांत बोलका पुरावा ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातून आला. तिथे भरती झालेल्या 1,538 जवानांचे दोन गट केले गेले. 12 आठवडे दोन्ही गटांनी सारखाच सराव आणि सारखाच वॉर्म-अप केला. एका गटाने त्यात पायांच्या प्रमुख स्नायूंना ताण देण्याची भर घातली. 2000 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पायांच्या दुखापतींत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. कोणाला इजा होईल याचा अंदाज देत होता तो भरतीच्या वेळचा दम, म्हणजे शटल रनच्या चाचणीत कोण किती टिकला हे. पुढे 2014 साली 25 प्रयोगांतील 26,610 लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. बळ वाढवणाऱ्या व्यायामांनी खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आणल्या होत्या, आणि ताणण्याचा परिणाम जवळजवळ शून्य होता.

असे का व्हावे, ते गुडघ्याची रचना पाहिली की उमगते. गुडघ्याच्या आत मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत एक तिरका दोर जातो. त्यालाच खेळाडू एसीएल म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू नये आणि पिळू नये, हे त्याचे काम. स्कीइंगमध्ये तो तुटण्याची एक ठरावीक तऱ्हा आहे: तोल मागे जातो, नितंब गुडघ्यांच्या खाली येतात, डोंगराकडचा हात मागे राहतो आणि सगळा भार दरीकडच्या स्कीच्या शेपटीवर, तिच्या आतल्या कडेवर येतो. पायाच्या मागे लांबलचक बाहेर आलेली ती शेपटी तरफेसारखी वागते आणि बर्फात रुतून गुडघा आतल्या बाजूला पिळते. हे सारे क्षणार्धात घडते. त्या क्षणी मांडीचा स्नायू किती लांबवता येतो याने काही फरक पडत नाही. तोल किती लवकर सावरता येतो आणि मांडीच्या मागचा स्नायू नडगीला किती जोराने मागे धरतो, यावर सगळे अवलंबून असते. शरीर लवचीक करण्यात आयुष्य घालवलेल्या खेळाडूंनाही हे चुकत नाही. अमेरिकेची अव्वल स्कीपटू लिंडसे वॉन हिचा गुडघा फेब्रुवारी 2013 मध्ये ऑस्ट्रियातील श्लाडमिंगच्या जागतिक स्पर्धेत गेला. एका पडण्यात दोन अस्थिबंध तुटले आणि नडगीचे हाडही मोडले. हौशी स्कीइंग करणाऱ्यांत स्त्रियांची एसीएल तुटण्याची शक्यता पुरुषांपेक्षा लक्षणीय जास्त असते, म्हणून मुलींनी हा भाग अधिक मनावर घ्यावा.

ताणण्याचा आणखी एक पैलू सहसा सांगितला जात नाही. एकाच स्थितीत स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला, तर त्यानंतर काही वेळ त्याची ताकद सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास घटते. मिनिटाच्या आत सोडला तर घट एखाद्या टक्क्याचीच असते. टेकडीवर फिरायला जाणाऱ्याला याचे काही नाही. पण ज्या मांड्यांनी पुढच्या पाच मिनिटांत वेग आवरायचा आहे, त्यांना सुरुवातीलाच ढिले करणे शहाणपणाचे नाही. सूर्यनमस्काराचे उदाहरण इथे उपयोगी पडते. एका लयीत, श्वासाबरोबर घातलेले बारा नमस्कार अंगात ऊब आणतात आणि सांधे मोकळे करतात. प्रत्येक आसनात अर्धे मिनिट थांबत घातलेले नमस्कार मात्र स्थिर ताणाच्या जातीत जातात. सकाळी पहिला प्रकार निवडावा, दुसरा रात्रीसाठी ठेवावा.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटरवर आहे. जानेवारीच्या सकाळी पारा तिथे शून्याच्या बराच खाली असतो. थंड स्नायू सुस्त असतो: तो उशिरा आखडतो आणि कमी जोर लावतो. म्हणून उतारावर जाण्याआधीची दहा मिनिटे ऊब आणण्यासाठी राखावीत. बूट चढवण्यापूर्वी जागच्या जागी धावणे, आधाराला धरून पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणे, कमरेतून धड दोन्हीकडे फिरवणे, मग डझनभर संथ उठाबशा, एवढ्याने काम होते. कपाळावर किंचित घाम फुटावा, पण आतले कपडे भिजू नयेत. ओल्या कपड्यांनी पुढे हुडहुडी भरते. गोंडोलातून किंवा चेअरलिफ्टवरून वर जाताना ही ऊब निघून जाते, आणि नेमके हेच नवशिके विसरतात. वर पोचल्यावर स्की पायात असतानाच पुन्हा थोडे गुडघे वाकवावेत, एकेक स्की आळीपाळीने उचलावी आणि पहिली फेरी सर्वांत सोप्या उतारावर घ्यावी.

आता मुख्य तयारीकडे. ती बर्फावर होत नाही, घरी होते आणि किमान सहा ते आठ आठवडे आधी सुरू करावी लागते. पुण्या-मुंबईच्या मुलींना याबाबत एक वरदान लाभले आहे, ते म्हणजे सह्याद्रीचे गड. गड चढण्याचे कौतुक सगळे करतात. स्कीइंगसाठी कामाचे आहे ते उतरणे. सिंहगड उतरताना मांडीचा स्नायू जे आवरण्याचे काम करतो, तेच त्याला बर्फावर करायचे असते. स्नायूची एक मोठी सोय अशी, की एकदा अशा कामाने तो दुखावला की पुढचे कित्येक आठवडे तेच काम त्याला फार कमी दुखावते. दुखण्याविरुद्ध ताणापेक्षा हा उपाय कितीतरी खात्रीचा आहे. मात्र पहिल्याच रविवारी धावत उतरू नये. संथ उतरावे, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, पायऱ्यांवरून उड्या मारू नयेत, आणि दर आठवड्याला थोडी भर घालावी. शेवटचा मोठा गड प्रवासाच्या आठवडाभर आधी संपवावा, म्हणजे गुलमर्गला पोचताना मांड्या ताज्या असतात.

गडाला जोड हवी ती बैठकांची. आखाड्यातली ही जुनी बैठक मांड्या आणि नितंब बळकट करते. संख्येच्या मागे न लागता खाली जायला चार मोजावेत आणि वर यायला एक. जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायावर उभे राहून दुसरी टाच सावकाश खालच्या पायरीला टेकवणे, हा बैठकीहून अवघड आणि स्कीइंगला अधिक जवळचा प्रकार. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यांवर उभे राहावे, कोणाला तरी घोटे घट्ट धरायला सांगावे आणि धड सरळ ठेवून शक्य तितके हळू पुढे झुकावे. एसीएलचा खरा सोबती हा मागचा स्नायू आहे, आणि बहुतेक मुली त्याच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करतात. एका पायावर उभे राहून दात घासल्याने तोलही सुधारतो.

ताणण्याची स्वतःची जागा आहे, तीही सांगायला हवी. नवशिक्यांना पहिले दिवस स्नोप्लाऊमध्ये, म्हणजे स्कींची टोके जुळवून आणि शेपट्या फाकवून, घसरावे लागते आणि तिरके पाऊल टाकत पुन्हा वर चढावे लागते. त्याने जांघेचे आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू अवघडतात. संध्याकाळी खोलीत, अंग गरम असताना, या स्नायूंना आणि पोटऱ्यांना वीस-तीस सेकंद हलका ताण द्यावा. झोप शांत लागते. खुबा मुळातच ताठर असेल किंवा जुन्या दुखापतीने हालचाल अडत असेल, तर आठवडेच्या आठवडे नियमित ताणून ती वाढवावी. वेदना होईपर्यंत मात्र कधीही ओढू नये, आणि भरून आलेल्या मांडीला जोर लावून ताणणे तर पूर्ण टाळावे.

शरीराइतकेच महत्त्व बाइंडिंगला द्यावे. बूट आणि स्की जोडणारा हा सांधा पडताना सुटायला हवा. तो किती जोराने सुटावा याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो. भाड्याच्या दुकानात वजन कमी सांगू नये आणि कौशल्य वाढवून सांगू नये. संकोचापायी सांगितलेला खोटा आकडा पायावर निघतो. बूट अडकवण्याआधी तळाचा बर्फ खरवडून काढावा. नडगीची हाडे मोडण्याचे प्रमाण या बाइंडिंगमुळे पुष्कळ घटले, पण मागे पडताना गुडघ्याला बसणारा पीळ ती नेहमी ओळखत नाहीत.

तो पीळ टाळायला शिकता येते. 1990च्या दशकात अमेरिकेतील व्हरमाँटच्या संशोधकांनी प्रशिक्षकांना आणि बचावपथकांना अशा अपघातांच्या चित्रफिती दाखवून धोक्याची स्थिती ओळखायला शिकवले. प्रशिक्षित गटात गुडघ्याच्या गंभीर इजा 62 टक्क्यांनी घटल्या. तोल जातोय असे वाटताच हात पुढे, पाय जवळ आणि हात स्कींच्या वर आणावेत. पडलेच तर पाय ताठ करू नयेत, हात टेकवून शरीर अडवू नये आणि घसरणे पूर्ण थांबेपर्यंत उठायची धडपड करू नये. हातातला पोल मुठीत घट्ट धरून पडल्याने अंगठा जातो, म्हणून तो सोडून द्यावा.

मांड्या थरथरू लागल्या की त्या दिवशीचे स्कीइंग संपले असे समजावे, मैत्रिणी आणखी एक फेरी मारत असल्या तरी. पडताना गुडघ्यातून ‘टक’ असा आवाज आला, काही तासांत सूज चढली किंवा पायावर भार देताना गुडघा निसटतोय असे वाटले, तर त्या पायावर उतार उतरू नये. वेदना कमी असली तरी नाही. एसीएल तुटल्यावरही कधी कधी चालता येते. तिथेच थांबून प्रशिक्षकाला हाक मारावी, स्लेजवरून खाली यावे आणि गुडघा अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावा.

— मावशी