जुन्या ट्रकला इलेक्ट्रॉनिक इग्निशन : आधी तपास, मग खरेदी



कापडाच्या धंद्यात आम्ही ठाण उलगडून पाहिल्याशिवाय दर बोलत नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र जाणते व्यापारीसुद्धा आधी पार्ट विकत घेतात आणि दोष नंतर शोधतात. पुण्यात नाना पेठेतील दुकानांत पार्ट मिळतो, शोधण्याचा तजुर्बा मात्र मिस्त्रीच्या हातात असतो. त्या हुन्नराची किंमत कळावी म्हणून हा धडा.

हा विषय पेट्रोल ट्रकचा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. टाटांनी १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने डिझेल ट्रक काढले आणि पेट्रोल ट्रक हळूहळू मागे पडले. त्याआधी प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला कारखान्यातील डॉज आणि फार्गो ट्रक रस्त्यावर दिसत. त्यांतले काही आजही घराण्याची आठवण म्हणून जपलेले आहेत.

पॉइंटचे दुखणे

जुन्या पद्धतीत डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत सीबी पॉइंट असतात. ते मिटले की कॉइलमध्ये करंट भरतो, उघडले की ठिणगी पडते. कॉइलचा चार-एक अँपिअर करंट सतत तोडून पॉइंटची तोंडे जळतात. कॅमवर घासणारे फायबर झिजले की गॅप कमी होतो, टायमिंग मागे जाते, गाडी ओढत नाही आणि पेट्रोल जास्त खाते. म्हणून पॉइंट वारंवार साफ करून गॅप लावावा लागतो. डॉजच्या सहा सिलिंडर इंजिनाला हा गॅप साधारण ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर असतो.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत कॅमवर चुंबकाची कडी बसते आणि सेन्सर तिला न शिवता इशारा देतो. करंट तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करतो. घासणारे काही नाही, म्हणून टायमिंग टिकते. क्रायसलर कंपनीने १९७३ पासून अमेरिकेतील आपल्या सर्व मोटारींत अशी पद्धत दिली. आज जुन्या डेल्कोत बसणारी किटे मिळतात.

बसवण्याआधी चार गोष्टी

पहिली, व्होल्टेज आणि अर्थ. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या असत आणि डॉजमध्ये बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. बारा व्होल्ट, निगेटिव्ह अर्थचे किट तिथे उलटे लागले तर क्षणात जळते.

दुसरी, डेल्कोचा शाफ्ट. हाताने हलवून पाहा. बुश झिजून शाफ्ट डुलत असेल तर आधी बुश बदला.

तिसरी, कॉइल. रेझिस्टरशिवाय चालणाऱ्या बारा व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी साधारण ३ ओहम भरते, रेझिस्टरसह चालणारी साधारण दीड. किटच्या कागदावर सांगितल्यापेक्षा कमी ओहमची कॉइल लावू नका.

चौथी, प्लगच्या वायरी. तांब्याच्या साध्या वायरीमुळे मॉड्यूल गोंधळते, म्हणून सप्रेसर वायरी घाला.

बसवताना मॉड्यूलची पुरवठ्याची तार रेझिस्टरच्या आधी, चावीकडच्या टोकाला जोडा. रेझिस्टरनंतर जोडली तर पूर्ण व्होल्टेज मिळत नाही आणि गाडी कधी चालते, कधी रुसते. नंतर टायमिंग लाइटने टायमिंग पुन्हा लावा. वेल्डिंग करताना बॅटरी सोडा. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका, कॉइल तापते.

बंद पडली तर

बारा व्होल्टची, निगेटिव्ह अर्थची गाडी असेल तर मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प घेऊन या क्रमाने चला.

१. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना १० च्या खूप खाली जात असेल तर दोष बॅटरीत, तिच्या टोकांत किंवा सेल्फमध्ये शोधा.

२. चावी चालू करून मॉड्यूलच्या पुरवठ्याच्या तारेवर व्होल्टेज पाहा. बॅटरीइतके नसेल तर चावी किंवा जोडणी खराब आहे.

३. सेल्फ मारत डेल्कोची बॉडी आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांत मीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ कच्चा. डेल्कोच्या आतली छोटी अर्थ पट्टीही तुटते.

४. कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला लॅम्प लावून सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला तर मॉड्यूल काम करते. लुकलुकत नसेल तर सेन्सर-चुंबकातले अंतर आणि शाफ्ट फिरतो का ते पाहा, मगच मॉड्यूलला दोष द्या.

५. मॉड्यूल ठीक, तरी प्लगला ठिणगी नाही? मग कॉइल, कॅप, रोटर आणि वायरी तपासा. पावसाळ्यात कॅपची बारीक चीर दगा देते. ठिणगी पाहताना वायर मोकळी धरू नका, टेस्टर लावा.

सेल्फ मारताना गाडी पेटते आणि चावी सोडली की बंद पडते, ही बहुधा तुटलेल्या रेझिस्टरची खूण. बोरघाट चढताना तापून बंद पडली तर आधी ठिणगी पाहा. ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलची वाफ होऊन पाइप अडला असेल. तिथे नवे मॉड्यूल घेऊन उपयोग नाही.

जुने पॉइंट, कंडेन्सर आणि प्लेट फेकू नका. ते गाडीच्या पेटीत असले तर रस्त्यात मूळ पद्धत परत बसवता येते. दुसरेही कारण आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या आणि व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज नोंदणी मिळते. मूळ सामान सांभाळणे मालकाच्याच हिताचे.

शेवटी हिशोबाची गोष्ट. मालक तपासाची मजुरी देत नाही, म्हणून मिस्त्रीला पार्ट बदलूनच कमाई काढावी लागते. यात मालकाचा पैसा जातो आणि कारागिराची अब्रूही. मिस्त्रींनी तपासाची मजुरी वेगळी सांगावी, काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यावा. मालकांनी ती मजुरी घासाघीस न करता द्यावी. अर्ध्या तासाच्या तपासाचे दाम हे विनाकारण घेतलेल्या किटपेक्षा केव्हाही स्वस्त.