माठ आणि राजगिरा : एक कूळ, दोन माहेरें

(लेखक : एक निवृत्त महसूल कारकून, उस्मानपुरा, छत्रपति संभाजीनगर)

आषाढी एकादशीस राजगिऱ्याचा लाडू ज्या घरांत येत नाहीं असें घर आपल्या भागांत विरळा. आणि मृगाच्या पावसानंतर माठ किंवा तांदुळजा खुडून ज्यानें भाकरीशीं खाल्ला नाहीं असा शेतकरीहि विरळाच. एक उपवासाचा पदार्थ, दुसरी रोजची पालेभाजी. हीं दोन्ही एकाच प्रजातीचीं झाडें आहेत हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ज्यांस ठाऊक असतें ते बहुधा दोहोंस एकच समजून चालतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरीची किंमत कधीं कधीं पैशांत मोजावी लागते.

प्रस्तुत लेखकाचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. वनस्पतिशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. त्याकडे वळण्याचें कारण त्याची स्वतःचीच एक चूक होय. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत मराठवाड्यांत मोठी गारपीट झाली. त्या वेळीं पिकांच्या याद्यांची नक्कल करतांना एका शेतकऱ्याच्या 'राजगिरा' या नोंदीऐवजीं मीं 'माठ, भाजीपाला' असें लिहिलें. मनांत विचार इतकाच कीं, दोन्ही एकच! पंचनाम्याच्या वेळीं शेतांत झोडपलेलीं कणसें, आणि कागदावर पालेभाजी. दोहोंचा मेळ बसेना. ते गृहस्थ दुरुस्तीसाठीं कित्येक महिने खेटे घालीत राहिले. एकदां ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, माठ चार वेळां खुडतां येतो, राजगिरा एकदांच हातीं लागतो. एवढा फरक तुम्हांला ठाऊक नसावा काय?" मजजवळ उत्तर नव्हतें. दोष सर्वस्वीं माझ्या लेखणीचा होता. सेवानिवृत्तीनंतर उस्मानपुऱ्यांतील घरामागच्या थोड्या जागेंत मीं माठ, राजगिरा व काटेमाठ शेजारीं शेजारीं वाढवून पाहिले. त्या निरीक्षणाचें व वाचनाचें सार आमच्या शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

१. नांवांचा घोटाळा

माठ, लाल माठ, तांदुळजा, पोकळा, चवळाई, काटेमाठ, राजगिरा इतकीं नांवें आपल्या बाजारांत ऐकूं येतात. पण एका गांवीं ज्यास तांदुळजा म्हणतात तें झाड चार कोसांवर निराळ्याच नांवानें विकलें जातें. जमिनीचेंहि असेंच असतें. 'आंब्याखालची पट्टी' हें नांव आंबा पडला कीं बदलतें. गट क्रमांक मात्र बदलत नाहीं. वनस्पतींस असे क्रमांकासारखे स्थिर नांव देण्याची पद्धत स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस यानें सन १७५३ च्या आपल्या ग्रंथांत रूढ केली. प्रत्येक झाडास दोन नांवें : पहिलें प्रजातीचें, दुसरें जातीचें. माठाच्या प्रजातीस त्यानें 'ॲमरँथस' हें नांव ठेविलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'न कोमेजणारें' असा आहे. राजगिऱ्याचें लाल कणीस वाळल्यावरहि आपला रंग बरेच दिवस सोडीत नाहीं, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास या नांवाचें मर्म सांगावयास नको.

२. वर्गीकरणांतील फेरफार

लिनियसनें झाडांचे वर्ग पाडले ते मुख्यतः फुलांतील पुंकेसर मोजून, आणि नर व मादी फुलें एकत्र आहेत कीं निरनिराळीं हें पाहून. ही पद्धत सोपी खरी, पण तिनें भाऊबंदांची ताटातूट झाली. माठ एकविसाव्या वर्गांत गेला, कारण त्याचीं नर व मादी फुलें वेगळीं पण एकाच झाडावर असतात. पालक बाविसाव्यांत गेला, कारण त्याचे नर व मादी वेल्हाळ बहुधा निरनिराळे. आणि कुरडू व आघाडा, ज्यांच्या एकाच फुलांत दोन्ही अंगें असतात, ते पांचव्या वर्गांत जाऊन बसले. चुलत भावांचीं नांवें तीन निरनिराळ्या तालुक्यांच्या दप्तरांत लागावींत, तसा हा प्रकार झाला.

सन १७८९ मध्यें फ्रान्सच्या जुस्यूनें एकच खूण न मोजतां सर्व खुणा मिळून विचार केला, आणि माठ, कुरडू व आघाडा यांचें एक नैसर्गिक कूळ ठरविलें. पालक, बीट व चाकवत यांचें कूळ मात्र पुढें दीर्घकाळ वेगळें मानलें जात असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस झाडांच्या पेशींतील अनुवंशद्रव्याची तुलना करतां येऊं लागली, आणि सन १९९८ च्या नव्या वर्गीकरणांत हीं दोन्ही कुळें एकत्र करण्यांत आलीं. कांहीं शास्त्रज्ञ तीं अद्याप वेगळीं ठेवतात. पण दोहोंचें रक्त जवळचें, याविषयीं वाद नाहीं. म्हणजे ज्यास आपण तण म्हणून उपटतों तो आघाडा, देवापुढें लावतों तो कोंबड्याचा तुरा, रानभाजीचा कुरडू, आणि बाजारांतील पालक व बीट, हे सर्व माठाचे सोयरे होत. आपल्या मराठवाड्यांतील वनस्पतींची अशी शास्त्रीय नोंद व्ही. एन. नाईक यांनीं दोन खंडांत करून ठेविली आहे. तो ग्रंथ सन १९९८ मध्यें आपल्याच शहरांत प्रसिद्ध झाला.

३. कुळाच्या खुणा

या कुळाचें फूल अगदीं लहान. त्यास पाकळ्या नसतात. कोरड्या, कागदासारख्या तीन ते पांच खवल्या असतात. माठाच्या प्रजातींत एका फुलापासून एकच दाणा होतो. पुष्कळ जातींत त्याचें फळ म्हणजे इवलीशी डबीच : पिकल्यावर वरचें झांकण गोल सुटतें आणि दाणा खालीं पडतो. राजगिऱ्याचा दाणा भिजवून भिंगाखालीं धरल्यास त्याच्या कडेनें गर्भ कड्यासारखा वळसा घालून बसलेला दिसतो, आणि मध्यें पिठूळ भाग असतो.

दुसरी खूण रंगाची. जांभूळ, वांगें, गोकर्ण यांचा रंग एका द्रव्याचा. लाल माठ व बीट यांचा रंग त्याहून अगदीं निराळ्या द्रव्याचा. घरीं पाहावयाचें असल्यास गोकर्णाचें निळें पाणी व लाल माठाचें पाणी दोन वाट्यांत घ्यावें व दोहोंत लिंबू पिळावें. गोकर्णाचें पाणी तत्काळ जांभळें होतें. माठाचें लालच राहतें. माठाच्या रंगाचें हें द्रव्य निवडुंग, बोगनवेल व घोळ या दूरच्या नातलगांतहि सांपडतें. यावरून या साऱ्यांचा पूर्वज एक असावा, या अनुमानास बळकटी येते.

उलट, सारखा गुण दिसला कीं नातें आहेच असें समजूं नये. कडक उन्हांत व थोड्या पाण्यांत पानाचें काम चालूं ठेवण्याची जी खास रीत ज्वारी, बाजरी, मका व ऊंस यांजपाशीं आहे, तीच माठापाशींहि आहे. गहूं, हरभरा, तूर व कापूस यांजपाशीं ती नाहीं. पण म्हणून माठ हा ज्वारीचा भाऊ नव्हे. सारखी अडचण आली असतां निरनिराळ्या घराण्यांनीं स्वतंत्रपणें तीच युक्ति शोधून काढली, इतकेंच.

४. राजगिऱ्याचें माहेर

माठाच्या प्रजातींत जगांत सुमारें सत्तर जाती आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचें मूळ अमेरिका खंडांत आहे. राजगिरा म्हणून दाण्यासाठीं पिकविल्या जाणाऱ्या जाती तीन : हायपोकाँड्रियाकस, क्रुएंटस आणि कॉडेटस. पहिलीचें मूळ मेक्सिकोंत, दुसरीचें मेक्सिकोचा दक्षिण भाग व मध्य अमेरिका येथें, आणि तिसरीचें दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतांत. तिन्हींचा पूर्वज 'हायब्रिडस' हा रानटी माठ व त्याचे जवळचे भाईबंद. त्यांचा दाणा काळा व कठीण असतो. एका वर्षीं पडलेला दाणा कित्येक वर्षांनीं उगवतो. तेथील कुणब्यांनीं पिढ्यान् पिढ्या पांढरट दाण्याचीं, मोठ्या कणसाचीं व पेरतांच उगवणारीं झाडें निवडून बियाण्यास ठेविलीं. मेक्सिकोंतील तेवाकान खोऱ्याच्या गुहांत सांपडलेले राजगिऱ्याचे अवशेष सुमारें सहा हजार वर्षांपूर्वींचे मानले जातात.

महसुलाच्या माणसास विशेष वाटावी अशी गोष्ट पुढेंच आहे. मेक्सिकोच्या ॲझ्टेक राजांस प्रांतोप्रांतींहून राजगिरा साऱ्याच्या रूपानें येत असे. स्पॅनिश लोकांनीं सन १५२१ मध्यें तें राज्य जिंकलें. त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं तयार झालेल्या एका चित्रमय वसुलीपत्रकांत मका, घेवडा व राजगिरा यांचीं कोठारें काढलेलीं आहेत. राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ति करून त्यांचा प्रसाद वांटण्याची तेथें चाल होती. नव्या राज्यकर्त्यांच्या धर्मगुरूंस ती रुचली नाहीं, आणि त्या पिकाचें महत्त्व ओसरलें. तथापि राजगिऱ्याच्या लाह्या गोड पाकांत घालून केलेली वडी मेक्सिकोंत आजहि विकतात. आपल्या चिक्कीची ती सख्खी बहीण!

तेथून हें धान्य समुद्रमार्गें आपल्याकडे आलें, आणि इतकें रुळलें कीं व्रतांत जाऊन बसलें. उपवासास तें चालतें, याची सांगड वनस्पतिशास्त्राशींहि बसते. गहूं, तांदूळ व ज्वारी हीं गवताच्या कुळांतील धान्यें. राजगिरा त्या कुळांतला नव्हे. पण एकादशीच्या ताटाकडे एकदां नीट पाहावें. बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची, साबूदाणा ज्याच्यापासून करतात तो कंद, आणि राजगिरा, या सर्वांचें माहेर अमेरिका! वऱ्याचे तांदूळ तेवढे या खंडांतले. यांत कोणाच्या श्रद्धेस कमीपणा नाहीं. आलेल्या पाहुण्यास घरचा करून घेण्याची आपली रीतच त्यांत दिसते.

५. माठाचें माहेर

पालेभाजीचा माठ, शास्त्रीय नांव ट्रायकलर, हा मात्र आशियाचाच. लाल, हिरवा व दुरंगी हे सर्व याच एका जातीचे प्रकार. संस्कृत वैद्यकग्रंथांत मारिष व तंडुलीयक हीं नांवें येतात, तीं याच वर्गांतील पालेभाज्यांचीं. कित्येक जण तंडुलीयक म्हणजे काटेमाठ असें समजतात. पण काटेमाठाचें मूळ उष्ण अमेरिकेंत असल्याचें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तसें असेल तर प्राचीन वैद्यांची भाजी दुसरी असली पाहिजे. झाडाचें माहेर ठाऊक असल्यानें जुन्या पोथीचा अर्थ लावण्यासहि मदत होते, ती अशी.

६. उत्क्रांति थांबलेली नाहीं

या प्रजातीची एक जात पामरी माठ होय. अमेरिकेंत तिच्या एकेका मादी झाडापासून लाखों दाणे पडतात. तेथील कापसाच्या शेतांत वर्षानुवर्षें ग्लायफोसेट हें एकच तणनाशक फवारलें गेलें. सन २००५ च्या सुमारास जॉर्जिया प्रांतांत त्यास न जुमानणारीं झाडें आढळलीं, आणि पुढें तीं इतर प्रांतांत पसरलीं. ज्या दोन-चार झाडांत औषध सोसण्याची शक्ति होती तींच वांचलीं, आणि त्यांचाच वंश वाढला. निवड माणसानेंच केली. राजगिऱ्यांत जाणूनबुजून, येथें नकळत. कापूस पिकविणाऱ्या आपल्या बंधूंनीं एकाच औषधावर विसंबूं नये, हा यांतील धडा आहे.

७. शेतांत ओळख कशी करावी

(अ) पानाच्या बगलेंत जोडीनें काटे असल्यास तो काटेमाठ. दाणा धरण्यापूर्वींच उपटावा.

(आ) शेंड्यावर मोठें, लांब कणीस आणि भिंगाखालीं फुलास बहुधा पांच खवल्या असल्यास तो राजगिरा.

(इ) पानांच्या बगलांत फुलांचे गोळे आणि फुलास तीनच खवल्या असल्यास तो भाजीचा माठ.

(ई) राजगिऱ्याच्या बियाण्यांत काळे चकचकीत दाणे दिसल्यास त्यांत रानटी जातीची भेसळ असण्याचा संभव आहे. तीनहि राजगिऱ्यांचा रानटी हायब्रिडसशीं संकर होऊं शकतो. बियाण्यासाठीं राखलेल्या पट्ट्यांतून परकीं झाडें फुलोऱ्यापूर्वींच काढून टाकावींत, आणि पांढऱ्या दाण्याचींच कणसें निवडावींत.

शेवटीं एक विनंति. सन २०२१ पासून ई-पीक पाहणीनें आपल्या पिकाची नोंद करण्याचें काम शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातीं आलें आहे. पूर्वीं चूक माझ्यासारख्या कारकुनाची असे. आतां ती आपली स्वतःची असेल. शेतांत राजगिरा असल्यास राजगिराच लिहावा, माठ असल्यास माठच. त्या गारपिटीनंतर खेटे घालणाऱ्या गृहस्थांस मीं त्या वेळीं उत्तर देऊं शकलों नाहीं. हा लेख हेंच माझें उत्तर समजावें.