मुरमाची वाट, सायकल आणि आपले हृदय

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर सांगतात, "रोज अर्धा तास व्यायाम करा." पण तो कोठे करायचा, हे सहसा कोणी सांगत नाही. मोरगाव, सुपे, बारामती किंवा इंदापूर भागातील पन्नाशीच्या गृहस्थाने सायकल काढून मोठ्या रस्त्यावर जायचे ठरवले, तर एका अंगाने एस.टी., दुसऱ्या अंगाने मोटारसायकली आणि गळीत हंगामात उसाचे भरलेले ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर. अशा रस्त्यावर छातीत धडधडते ते व्यायामाने की भीतीने, हेच कळत नाही. मग आठ दिवसांत नेम मोडतो आणि सायकल पुन्हा पडवीत जाते.

यावर उपाय आपल्या शिवारातच आहे. तो म्हणजे वाहने नसलेली कच्ची वाट: पाणंद, गाडीवाट, माळावरचा मुरमाचा रस्ता. अशा वाटेवर सायकल चालवण्याचे फायदे कोणते आणि तिची रीत काय, हे आज पाहू.

सायकलने शरीरात काय घडते?

सायकल चालवताना मांड्यांचे व पोटऱ्यांचे मोठे स्नायू सतत काम करतात. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो आणि इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतो. हा परिणाम व्यायामानंतरही बराच काळ, साधारण एक-दोन दिवस टिकतो. म्हणूनच आठवड्यातून एकदाच दमछाक करून घेण्यापेक्षा एक दिवसाआड थोडे थोडे चालवणे मधुमेह्याला अधिक उपयोगी. नियमित व्यायामाने रक्तदाब उतरतो, हृदयाची ताकद वाढते आणि झोपही चांगली लागते.

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे सुमारे ३० हजार स्त्री-पुरुषांची अनेक वर्षे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण, तसे न जाणाऱ्यांपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले. केवळ सायकलमुळेच हे घडले असे अशा पाहणीतून ठामपणे म्हणता येत नाही. पण इतर सवयींचा हिशेब धरूनही हा फरक उरला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

गुडघे दुखणाऱ्यांनाही सायकल सोसते. शरीराचा बराचसा भार सीटवर पडत असल्याने धावण्याइतका दणका सांध्यांना बसत नाही. मात्र हाडे बळकट होण्यासाठी पायांवर भार यावा लागतो. त्यामुळे सायकलीबरोबर थोडे चालणेही हवेच, विशेषतः चाळिशीपुढील स्त्रियांनी.

वाट कोणती निवडावी?

दक्षिण युरोपातील लोकांनी या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहिले आहे. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तेथे पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी वाटा करण्यात आल्या. 'हिरवे मार्ग' अशा अर्थाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. इटलीतील टस्कनी प्रांतात पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, म्हणून १९९७ साली त्यांवरून जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. आता ती दरवर्षीची मोठी जत्राच झाली आहे. द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा, टेकड्या आणि नदीकाठ असा पालटता प्रदेश पाहायला दूरदूरचे लोक तेथे जातात.

पालटता प्रदेश आपल्याकडेही आहे. मोरगाव कऱ्हेच्या काठी वसले आहे. उत्तरेला सुप्याकडे जावे तर उघडी माळराने लागतात. तेथील मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी प्रसिद्ध आहे. दक्षिणेला नीरा खोऱ्यात उतरावे तर उसाचे हिरवे शिवार सुरू होते. नीरा डावा कालवा बारामती शहरातून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. जिरायत आणि बागायत अशा दोन्ही मुलखांत गावोगावी पाणंदी व गाडीवाटा आहेत. आपल्या घरापासून दोन-तीन किलोमीटरची, जिच्यावर दिवसाकाठी चार-दोनच वाहने येतात, अशी वाट शोधावी. एकदा ती पायी पाहून यावी आणि मगच सायकल न्यावी.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. एक, अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याचे नियम विचारून घ्यावेत. दोन, कालव्याकडेच्या वाटेवर मज्जाव असल्यास जाऊ नये. मोकळीक असली तरी पाण्याच्या कडेपासून दूर राहावे, अंधारात तेथून जाऊ नये आणि हातपाय धुण्यासाठी कालव्यात उतरू नये. तीन, भाद्रपद व माघातील यात्रेच्या दिवसांत आणि ऊसतोडीच्या हंगामात शिवारातील वाटांवरही वर्दळ असते. त्या वेळी मार्ग बदलावा.

कच्च्या वाटेची रीत

यासाठी महागडी सायकल लागत नाही. रुंद टायरची जुनी काळी सायकल मुरमावर चांगली चालते. सीटची उंची नीट ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. सीटवर बसून पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली, तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग पायाचा चवडा पायडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक उरतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखू लागते.

टायरमध्ये हवा अगदी टणक भरू नये. अंगठ्याने दाबल्यावर टायर किंचित दबला पाहिजे. म्हणजे दणके कमी बसतात आणि चाकाची पकडही सुधारते. हँडल आवळून धरू नये, कोपरे सैल ठेवावीत. हाताची बोटे बधिर होऊ लागली तर पकड बदलावी. उतारावर किंवा वळणावर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर चाक मुरमावरून घसरते. वेग वळणाआधीच कमी करावा आणि दोन्ही ब्रेक हलके दाबावेत. डोक्याला हेल्मेट व पायात बूट असावेत. मधुमेह्यांनी तर चप्पल घालून जाऊच नये. पायाची जखम त्यांना उशिरा कळते आणि उशिरा बरी होते.

बाभळीचे काटे या भागात पाचवीलाच पुजलेले. जवळ पंप व जादा ट्यूब ठेवावी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीने जाऊ नये. चिखल मडगार्डमध्ये बसून चाक जाम होते. त्या दिवसांत मुरमाड माळाची वाट बरी. पडून खरचटल्यास जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाबाबत डॉक्टरांना विचारावे.

किती आणि केव्हा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. मध्यम म्हणजे किती, याची खूण सोपी आहे. सायकल चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. भुसभुशीत वाटेवर त्याच वेगाला डांबरी रस्त्यापेक्षा अधिक जोर लागतो. तेव्हा किलोमीटर मोजू नयेत, मिनिटे मोजावीत.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड १५ मिनिटे. पुढचे दोन आठवडे चार दिवस, २० ते २५ मिनिटे. पाचव्या आठवड्यापासून पाच दिवस, ३० मिनिटे. हा पल्ला अंगवळणी पडल्यावर रविवारी सोबत्यांबरोबर तासाभराची फेरी करावी. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत परतावे. बरोबर पाणी असावे. धुळीने दमा उसळत असेल तर वाऱ्याच्या दिवशी सायकल काढू नये. दम्याचा पंप खिशात असावा.

डॉक्टरांना आधी कोणी विचारावे?

हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाब औषधाने अजून आटोक्यात न आलेल्यांनी, मधुमेहामुळे डोळ्यांवर परिणाम झालेल्यांनी आणि चढावर छातीत दाटून येणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात, कधी कधी काही तासांनंतरही, जास्त उतरू शकते. एकदम घाम सुटणे, थरथर, कडकडून भूक आणि भोवळ ही तिची लक्षणे. अशा वेळी थांबून लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे. त्यासाठी साखरेची पुडी नेहमी खिशात ठेवावी. औषधाची मात्रा मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये.

छातीत दुखू लागले आणि कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत गेली, तर तेथेच खाली बसावे. "घरापर्यंत जाऊ आणि मग पाहू" असे म्हणून पुन्हा सायकलवर बसणे जिवावर बेतते. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. निर्जन वाटेवर शक्यतो एकट्याने जाऊ नये, मोबाइल जवळ असावा आणि कोणत्या वाटेने जातो हे घरी सांगून निघावे.

वाट सर्वांची

ज्या पिढीने सायकलवरून बाजार केला, तिचेच गुडघे आता मोटारसायकलवर आखडले आहेत. शाळेसाठी मुलींना घेतलेल्या सायकली दहावी-बारावी होताच कोपऱ्यात पडतात. आई आणि मुलगी, सासू आणि सून अशा दोघी-दोघींनी सकाळी पाणंदीने फेरी मारायला काय हरकत आहे?

पण त्यासाठी पाणंद शिल्लक राहिली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या बांधांनी थोडी थोडी खाल्लेली आणि काटे टाकून अडवलेली वाट ही केवळ शेतमालाची अडचण नव्हे. म्हाताऱ्या माणसाची आणि शाळकरी मुलाची निर्धोक जागाही तिच्याबरोबर जाते. वाट अडली असेल तर तहसीलदारांकडे दाद मागता येते. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. या वाटांचा विषय ग्रामसभेत निघेल तेव्हा आरोग्याची ही बाजूही आवर्जून मांडावी, आणि तोवर जी वाट मोकळी आहे तिच्यावर उद्या सकाळी पंधरा मिनिटे सायकल चालवून पाहावी.