पाठ : पानाचा पत्ता



गेल्या दिवाळीत आमच्या मुलीने आजीच्या अनारशांची कृती आपल्या ब्लॉगवर लिहिली. साताऱ्याच्या मावशीने त्या पानाचा पत्ता पाककृतींच्या वहीत हाताने उतरवून घेतला. पुढे मीच एका रविवारी उत्साहाने सगळे पत्ते नीटनेटके करायला बसले. गणपतीत मावशीचा फोन आला, "अगं, पान सापडत नाही म्हणतंय!" चूक माझीच होती. म्हणून आजचा हा पाठ.

पत्ता म्हणजे काय?

संकेतस्थळाचे नाव म्हणजे इमारत. त्यापुढे तिरकी रेघ देऊन जे लिहितात, तो खोलीचा पत्ता. वर्डप्रेसच्या 'प्लेन' मांडणीत लेखाला प्रश्नचिन्ह, पी, बरोबरचे चिन्ह आणि १२३ असा काहीतरी पत्ता मिळतो. तो चालतो, पण खोलीत कोण राहते ते कळत नाही. सेटिंग्जमधील पर्मालिंक्स या पानावर 'पोस्ट नेम' निवडले की लेखाच्या शीर्षकावरून पत्ता तयार होतो. हे काम ब्लॉग सुरू करतानाच करावे.

देवनागरीची गंमत

पत्त्यात देवनागरी चालते. पण संगणक देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवतो आणि पत्त्यात एकेका बाइटसाठी टक्क्याचे चिन्ह व पुढे दोन अक्षरे किंवा अंक लिहितो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा! 'अनारसे' मोजून पाहा : अ, न, काना, र, स, मात्रा. सहा चिन्हे, ५४ जागा. ब्राउझर आपल्याला देवनागरी दाखवतो, पण पत्ता उचलून निरोपात चिकटवला की बहुधा ही लांबलचक माळ दिसते. शोधयंत्राला ती समजते. वहीत उतरवणाऱ्या मावशीने काय करावे?

ब्लॉगरवर वेगळीच अडचण येते. देवनागरी शीर्षकातून त्याला पत्ता करता येत नाही, म्हणून तो नुसते 'ब्लॉग-पोस्ट' असे लिहून मोकळा होतो. तिथे 'कस्टम पर्मालिंक' निवडून आपण स्वतः रोमन अक्षरांत शब्द लिहावा.

लक्षात ठेवा

१. पत्ता छोटा ठेवा. दोन ते चार शब्द पुरेत. 'अनारसे-कृती' रोमन लिपीत लिहिले की झाले.

२. सगळी अक्षरे लहान लिपीतली घ्या. अनेक ठिकाणी मोठे 'ए' आणि छोटे 'ए' वेगळे धरतात.

३. दोन शब्दांमध्ये जोडरेघ द्या. गूगलही अंडरस्कोरऐवजी हायफन वापरायला सांगते.

४. स्पेलिंग एकच ठरवा. दिवाळीत 'व्ही' की 'डब्ल्यू', हे घरात आधीच मिटवा!

५. कृतीच्या पत्त्यात साल नको. अनारसे दरवर्षी तेच असतात.

पालकांसाठी एक गोष्ट : पत्त्यातील शब्दांमुळे गूगलमध्ये लेख एकदम वर येत नाही. त्यासाठी चांगले शीर्षक आणि उपयोगी मजकूरच हवा. पत्ता पाहून माणसाला आत काय आहे ते कळते, हा खरा फायदा.

घर बदलले तर?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली बजावले होते की चांगला पत्ता बदलत नाही. तरी बदलावा लागलाच, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे '३०१ रीडायरेक्ट' लावावा. अमेरिकेत आपण घर बदलले की पोस्टात कळवतो आणि बारा महिने पत्रे नव्या घरी येतात, तसेच हे. गूगलही हा रीडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवायला सांगते. आम्ही तो कायमचा ठेवला आहे. मावशीची वही पुन्हा चालू लागली!

शब्दार्थ

संकेतस्थळ – वेबसाइट
शोधयंत्र – सर्च इंजिन
जोडरेघ – हायफन
कृती – पदार्थ करण्याची रीत

स्वाध्याय

१. 'आजोबांची सायकल' या लेखासाठी रोमन अक्षरांत छोटा पत्ता तयार करा.

२. 'मोदक' या शब्दात किती चिन्हे आहेत? पत्त्यात त्याला किती जागा लागतील?

३. घरच्या एका पाककृतीचा पत्ता ठरवा आणि भारतातल्या नातेवाइकाला फोनवर सांगा. त्यांना एकदा ऐकून लिहिता आला, तर पत्ता पास!