उन्हाळ्यातील अंथरूण

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असे चरकसंहितेत सांगितले आहे. यांपैकी आहाराविषयी आपण रोज बोलतो, परंतु निद्रेचा विचार ती येईनाशी झाल्यावरच करतो. वस्तुतः मनुष्याच्या आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा अंथरुणावर जातो. तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलामुलींना तर रोज आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. ती अपुरी पडली की वाचलेले ध्यानात राहत नाही आणि शिकवलेले समजत नाही. आपल्याकडे परीक्षेचे दिवस आणि उन्हाळ्याचा आरंभ एकाच वेळी येतात. म्हणून उष्ण रात्री शांत झोप कशी लागेल, हा प्रश्न केवळ सुखासीनतेचा नसून विद्यार्थ्याच्या हिताचा आहे.

आपला बोथचा प्रदेश समुद्रापासून दूर, सागवानी जंगलांच्या आणि डोंगररांगांच्या कुशीत वसलेला आहे. त्यामुळे येथील हवेला समुद्राचा समतोल लाभत नाही. मे महिन्यात दुपारचा पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, तर याच आदिलाबाद जिल्ह्यात काही हिवाळ्यांत तो पाच अंशांच्या खालीही उतरलेला आहे. अशा प्रदेशात बारमाही एकच अंथरूण वापरणे म्हणजे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एकच पीक घेण्यासारखे आहे. अंथरूण ऋतूप्रमाणे बदलले पाहिजे. मात्र ते कसे बदलावे, हे ठरविण्यापूर्वी झोपलेल्या शरीरात काय घडते ते पाहणे अगत्याचे आहे.

शरीराची भट्टी आणि तिचे धुराडे

झोपलेला प्रौढ मनुष्य सुमारे सत्तर वॅट इतकी उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा विजेचा दिवा हाताला किती तापलेला लागतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्याचा अर्थ कळेल. रात्री शरीराचे आंतरिक तापमान सुमारे एक अंशाने उतरते आणि हा उतार सुरू झाला की झोप लागते. त्यासाठी हातापायांच्या त्वचेकडे रक्त अधिक वाहू लागते व तेथून उष्णता बाहेर जाते. ही वाट अडली की मनुष्य कूस बदलीत राहतो.

उष्णता बाहेर जाण्याचे मार्ग चार आहेत : वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. गार फरशीला पाठ लावली की वहनाने उष्णता जाते. वाऱ्याची झुळूक आली की अभिसरणाने जाते. निरभ्र आकाशाखाली अंगणात झोपले की प्रारणाने जाते. परंतु या तिन्ही मार्गांना एक अट आहे. सभोवतालच्या वस्तू त्वचेपेक्षा थंड असल्या पाहिजेत. त्वचेचे तापमान ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात रात्री नऊ वाजता सिमेंटच्या स्लॅबखालील खोली याहून अधिक तापलेली असली, तर तिन्ही दारे बंद होतात आणि चौथे, घामाच्या बाष्पीभवनाचे, तेवढे उघडे राहते.

आता थोडे गणित करू. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. सत्तर वॅट म्हणजे तासाला सुमारे साठ हजार कॅलरी. भागाकार केला तर उत्तर येते ताशी सुमारे शंभर ग्रॅम. म्हणजे अशा खोलीत आठ तास निजणाऱ्या प्रौढ माणसाच्या अंगावरून सुमारे आठशे ग्रॅम, चार पेले, पाणी वाळून जावे लागते. हे पाणी जाणार कोठे? वरच्या बाजूने ते हवेत जाईल, पण पाठीखालचे, मानेखालचे आणि पायांखालचे पाणी अंथरुणातूनच बाहेर पडले पाहिजे. चांगल्या उन्हाळी अंथरुणाची कसोटी हीच : ते वारा जाऊ देते काय, आणि ओलावा शोषून पुन्हा सोडते काय?

कापूस आणि टेरिलीन

या कसोटीस उतरणारी वस्तू आपल्या शेतातच पिकते. येथील काळ्या जमिनीत कपाशी हे मुख्य पीक आहे. कापसाचा तंतू सेल्युलोजचा बनलेला असून तो हवेतील ओलावा आपल्यात सामावून घेतो. २० अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना शंभर ग्रॅम कोरडा कापूस सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी धरून ठेवतो, तरीही हाताला ओला लागत नाही. याउलट पॉलिस्टरचा तंतू त्याच हवेत अर्धा ग्रॅमदेखील पाणी धरीत नाही. हा तंतू व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली शोधून काढला व टेरिलीन या नावाने तो प्रसिद्धीस आला. सदऱ्यासाठी तो टिकाऊ आहे, त्याला इस्त्रीची गरज कमी लागते आणि तो लवकर वाळतो. परंतु अंगाखाली घातलेली त्याची चादर घाम शोषीत नाही. घाम त्वचेवरच चिकट होऊन राहतो. म्हणून चादर घेताना तिच्या रंगापेक्षा तिच्या सुताची चौकशी करावी.

सुती चादरीतही भेद आहेत. बारीक सुताची, दाट विणीची चादर गुळगुळीत व महाग असते. परंतु वीण जितकी दाट, तितकी वाऱ्याची वाट अरुंद. उन्हाळ्यासाठी साध्या, किंचित विरळ विणीचे, अनेकदा धुतलेले कापड सर्वांत उत्तम. सोलापुरी चादरीची ऊब हिवाळ्यातील रात्रीसाठी राखून ठेवावी. पांढरी चादर थंड व काळी गरम, ही समजूत उन्हात खरी आहे; रात्रीच्या अंधारात रंगाने काही फरक पडत नाही.

आपल्या आजीची गोधडी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे मऊ झालेले थर एकमेकांवर ठेवून ती शिवलेली असते. दोन थरांची गोधडी उन्हाळ्यात पाठीखाली पुरते. सहा-सात थरांची हिवाळ्यात अंगावर लागते. थरांची संख्या वाढविली की अडकलेली हवा वाढते, आणि अडकलेली हवा उष्णतेला रोखते. एकच तत्त्व, पण ऋतूप्रमाणे त्याचा उपयोग उलटा.

बाज, गादी आणि फोम

सुंभाने किंवा नवारीने विणलेली बाज हे उन्हाळ्यातील सर्वांत शास्त्रशुद्ध शयन होय. तिला खालूनही वारा लागतो. जाड गादी टाकली की हा गुण नाहीसा होतो. म्हणून उन्हाळ्यात गादी गुंडाळून ठेवावी आणि बाजेवर चटई व सुती चादर एवढेच घालावे. फोमच्या गादीत बारीक छिद्रे असतात, परंतु त्यांतून हवा मंद गतीने फिरते. ज्याला ‘मेमरी फोम’ म्हणतात, तो १९६६ साली अमेरिकेतील नासा संस्थेच्या कामातून विमानातील आसनांसाठी निर्माण झाला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो व शरीराला सर्व बाजूंनी वेढतो. थंड देशात हे सुखावह असेल. आपल्या वैशाखात मात्र हे आलिंगन जाचक ठरते.

हल्ली बाजारात थंडावा देणाऱ्या जेलच्या उश्या मिळतात. त्यांना हात लावला की गार वाटते, कारण त्या उष्णता चटकन ओढून घेतात. परंतु जेल उष्णता नाहीशी करीत नाही, साठविते. तो साठा भरला की गारवा संपतो. शिवाय खोलीच ३५ अंशांवर असेल तर त्या खोलीत दिवसभर पडलेली उशीही तितकीच तापलेली असते. तिच्यावर पैसे वेचण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा.

पुष्कळ जण उन्हाळ्यात फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर निजतात. दगड उष्णता लवकर ओढतो हे खरे. परंतु जंगलालगतच्या आपल्या गावांत ही सवय धोक्याची आहे. मण्यार हा अत्यंत विषारी सर्प रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्यांना अंथरुणातच दंश करतो. त्याच्या दंशाने वेदना इतकी अल्प होते की झोपलेल्या माणसास पुष्कळदा जागही येत नाही. म्हणून जमिनीपासून उंच बाज आणि तिच्या कडांखाली नीट खोचलेली मच्छरदाणी या दोन गोष्टी गारव्यासाठी कधीही सोडू नयेत. मच्छरदाणी हिवतापाच्या डासांपासूनही वाचविते. तिने वारा थोडा अडतो, परंतु ती ऐसपैस बांधली आणि बाज खिडकीच्या किंवा अंगणाच्या वाऱ्यात ठेवली की ती उणीव बरीचशी भरून निघते.

उशी

उशीचे काम डोके उंच करणे नव्हे, तर मान पाठीच्या कण्याच्या रेषेत ठेवणे हे आहे. उताणे निजणाऱ्यास पातळ उशी पुरते. कुशीवर निजणाऱ्यास खांदा आणि डोके यांमधील अंतर भरून काढील इतकी उंच हवी. एक वर्षाखालील बालकास उशी देऊ नये. मऊ उशीत नाक-तोंड दबून श्वास कोंडण्याचे भय असते.

उशीत काय भरावे? आपल्या रानात याचेही उत्तर आहे. वसंतात लाल फुलांनी बहरणारी काटेसावर उन्हाळ्यात बोंडे धरते आणि तिचा रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडू लागतो. तेलुगू बंधू या वृक्षास ‘बूरुगु’ म्हणतात. हा तंतू आखूड व निसरडा असल्याने त्याचे सूत निघत नाही, पण तो पोकळ आणि वजनाला अत्यंत हलका असतो. त्यावर मेणाचा सूक्ष्म लेप असल्यामुळे घामाने त्याचे गोळे होत नाहीत. उशीसाठी तो फार जुन्या काळापासून वापरात आहे. वर सुती अभ्रा घालावा आणि तो आठवड्यातून एकदा तरी धुवावा. केसांचे तेल व घाम यांनी कापडाची छिद्रे बुजतात.

साध्या कापसाच्या उशा-गाद्यांचा एक दोष प्रांजळपणे सांगितला पाहिजे. कापूस ओलावा शोषतो, म्हणून तो साठवितोही. काही महिन्यांनी त्याचे गोळे होतात, मधली हवा निघून जाते आणि गादी दगडासारखी होते. उपाय दोन : वरचेवर कडक ऊन देणे आणि वर्ष-दोन वर्षांनी कापूस पिंजून घेणे. हे दुसरे काम पिंजाऱ्याचे. तेलुगूत पिंजलेल्या कापसास ‘दूदि’ म्हणतात व त्यावरूनच पिंजाऱ्यांच्या समाजास ‘दूदेकुल’ हे नाव पडले. धनुकलीच्या तारेच्या कंपनाने कापसाचा तंतू न् तंतू मोकळा होतो व त्यात पुन्हा हवा भरते. आता पिंजण्याची यंत्रे आली आहेत. साधन कोणतेही असो, जुना कापूस पिंजून नवा होतो, फोम मात्र दबला की टाकूनच द्यावा लागतो. गरीब घराच्या हिशेबात ही बाब लहान नाही.

कोरडी रात्र आणि दमट रात्र

मेमधील रात्र कोरडी असते. अशा रात्री हातपाय धुऊन, चादर पाण्यात भिजवून घट्ट पिळावी आणि पांघरावी. ती वाळेपर्यंत चांगला गारवा मिळतो. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडण्याचे तत्त्व हेच. हवा चाळीस अंशांच्या वर असता नुसता पंखा तापलेलाच वारा अंगावर आणतो. म्हणून आधी अंग ओले करावे. जुलैत मात्र हवा बाष्पाने भरलेली असते. तेव्हा ओली चादर अंगाला चिकटून त्रास देते, आणि कोरडी चादर, उघडी खिडकी व पंखा हेच उपयोगी पडतात. उपाय तोच, पण ऋतू बदलला की गुणाचा अवगुण होतो, हे ध्यानी ठेवावे.

करून पाहा

१. एक सुती व एक पॉलिस्टरचा तुकडा सारख्या मापाचा घ्या. प्रत्येकावर पाण्याचा एकेक थेंब टाका. कोणता थेंब लवकर पसरतो?

२. दोन तुकडे तोंडासमोर धरून त्यांतून फुंकर घाला. दाट व विरळ विणीतील फरक स्वतः अनुभवा.

३. दिवसभर वापरलेली उशी तराजूत तोला. दुपारचे ऊन दाखवून पुन्हा तोला. कमी झालेले वजन म्हणजे साठलेले पाणी.

विद्यार्थी मित्रहो, घरात पैसा थोडा असेल तर क्रम असा ठेवा : प्रथम बाज व मच्छरदाणी, मग दोन सुती चादरी, नंतर योग्य उंचीची उशी, आणि गादी सर्वांत शेवटी. ज्या कपाशीच्या वेचणीसाठी आपल्या आईवडिलांचे हात राबतात, तिच्यातच त्यांच्या आणि आपल्या विश्रांतीचे उत्तम साधन आहे. आज घरी गेल्यावर आपले अंथरूण उलटून पाहा, त्याला ऊन दाखवा, आणि वर सांगितलेल्या दोन प्रश्नांवर त्याची परीक्षा घ्या.