कोरी वही, भरलेला तास

प्रश्न : मुलगी पहिलीत गेली, पण गृहपाठच नाही. वहीही कोरी. वर्गात शिकवतात तरी काय?

उत्तर : कोरी वही पाहून पालकांचा जीव टांगणीला लागतो. पण 2020 च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच.

दिवस परिपाठाने उघडतो : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना. मग गणितात दहा काड्यांचा गठ्ठा बांधायचा. दोन गठ्ठे, तीन सुट्या काड्या म्हणजे तेवीस. हे हाताला कळले की ‘हातचा’ पुढे छळत नाही. (घोकंपट्टीवर वाढलेल्या आईबाबांना हा खेळच वाटतो!)

2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्राच्या शिक्षण अभियानाचे लक्ष्यही तिसरीअखेर समजून वाचणे आणि साधी आकडेमोड, एवढेच आहे. घरी तिला भाजी निवडताना शेंगांचे दहा-दहाचे ढीग करायला सांगावे.